नेम कुठे धरायचा?

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना भिंतींवर, विजेच्या खांबांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर एक जाहिरात हमखास दिसते : ‘मूळव्याध, भगंदर. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ १९८८ साली मी त्या भागातल्या एका शाखेत अधिकारी म्हणून गेलो तेव्हाही ती होती. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. जिल्हा बदलला, जाहिरात तीच राहिली.

आमच्या त्या शाखेत एक शिपाई होते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, वारली समाजाचे. कुठल्या पाड्यावर कोणाची म्हैस खरेच आहे आणि कोणाची फक्त कागदावर, हे त्यांना तोंडपाठ. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या कर्जांचे ते दिवस. मार्च आला की वरून फोन येई, ‘टार्गेट किती झाले?’ आम्ही टार्गेट पुरे करत असू. म्हशीला चारा आहे का, हे त्या रकान्यात नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. वडिलांच्या शौचातून वर्षभर रक्त जात होते. मूळव्याध म्हणून पुड्या झाल्या, झाडपाला झाला, त्या पाटीवरचा ‘खात्रीशीर इलाज’ही झाला. अंगातले रक्त कमी झाले तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पण रक्त जाते कुठे, हे कोणी विचारले नाही. शेवटी पोट फुगले, आतडे बंद पडले, नाशिकला ऑपरेशन झाले. मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला.

‘‘साहेब, टार्गेटवालं एक इंजेक्शन आहे म्हणतात. जमिनीवर बँक पैसे देईल का?’’

तो शब्द ऐकून मी क्षणभर गप्प झालो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजी जात नाही, हे कायद्याचे संरक्षण खरे. पण तोंडी गहाणाला कायदा विचारतो कोण? मी त्याला म्हटले, आधी कागद घेऊन ये.

त्या निमित्ताने मी या लक्ष्यवेधी उपचारांबद्दल जे वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले, ते थोडक्यात सांगतो. नेहमीची केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या साऱ्याच पेशींवर घाव घालते. लक्ष्यवेधी औषध गाठीच्या एखाद्या विशिष्ट दुव्यावर नेम धरते. बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखते. सेटुक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावरचा ‘वाढ’ असा हुकूम घेणारा ग्राहक अडवते. ही दोन्ही औषधे अमेरिकेत २००४ साली या रोगासाठी मान्य झाली. पण पुढे २००८च्या सुमारास एक गोष्ट पक्की झाली : पेशीच्या आतल्या ‘रास’ गटातल्या जनुकात बिघाड असेल, तर सेटुक्सिमॅबचा उपयोग होत नाही. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आतून चिकटला की बाहेरचे बटण कितीही दाबा, मोटार चालूच राहते, तसेच हे. आणि असा बिघाड पसरलेल्या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत सापडतो. म्हणजे तपासणीवाचून हे इंजेक्शन देणे हा छापा-काटा झाला, तोही लाखांच्या घरातला.

आमच्या शिपायांच्या गाठीची ती तपासणी झालीच नव्हती. ती न करताच इंजेक्शन सुचवले गेले होते. कोणी, कुठे, यात शिरत नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो. तो मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे, हे मुलाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मुंबईच्या डॉक्टरांनी तो तपासून घेतला. ‘रास’मध्ये बिघाड निघाला. त्या एका कागदाने जमीन वाचली.

मग मनात आले, हा कागद मुळात एवढ्या धावपळीने का मिळावा? मुंबईच्या मित्रमंडळींत हे सांगितले की एक युक्तिवाद ठरलेला असतो : जिथे १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गेली, जिथे मूठभर तांदळाचा प्रश्न आहे, तिथे जनुकांच्या चाचण्यांच्या गोष्टी कशाला? युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो आणि मला तो पटत नाही. गरिबाला काय ‘झेपते’ हे ठरवण्यात मी पस्तीस वर्षे काढली आहेत. गरिबाला शेळी आणि सधनाला ट्रॅक्टर, असा तो हिशेब असे. महागड्या औषधाची चूक ज्याला अजिबात परवडत नाही, त्यालाच ही चाचणी सर्वांत जास्त हवी. पैसेवाला फुकट गेलेले इंजेक्शन सोसेल. मोखाड्याचा माणूस त्यात शेत घालवील.

‘रास’बरोबर ‘बीराफ’ जनुकही पाहायला हवे. आणि पेशीची जनुकदुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, हेही. ती निकामी झालेल्या गाठी पसरलेल्या रोगात थोड्याच, शंभरात चार-पाच. पण त्यांच्यावर प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे केमोपेक्षा सरस ठरतात. अमेरिकेत २०२० पासून ती अशा रुग्णांसाठी पहिल्याच पायरीवर मान्य आहेत. त्या चार-पाचांत आपल्या पाड्यावरचा कोणी नसेल, असे कुठे लिहिले आहे?

मात्र या औषधांचे ढोलही फार बडवू नयेत. रोग पसरल्यावर ती बहुतेकांना महिने देतात, कधी वर्षे, क्वचितच मुक्ती. महिने ही लहान गोष्ट नाही. नातीचे लग्न महिन्यांतच बसते. बेव्हॅसिझुमॅब आता भारतातल्या कंपन्याही बनवतात आणि त्यामुळे ते पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाले आहे. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र करून भाव खाली आणून दाखवले. बँकेच्या माणसाला हे लगेच कळते : घाऊक गिऱ्हाइकाला दर वेगळा.

पण सगळ्यात स्वस्त तपासणी डॉक्टरच्या हातमोज्यातल्या बोटाची. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहतात. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. आपल्याकडे याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, म्हणून सरसकट सगळ्यांची दुर्बीण-तपासणी करा असे मी म्हणत नाही. पण ज्याला तीन आठवडे रक्त जाते, ज्याची शौचाची सवय बदलली आहे, ज्याचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरले आहे, त्याला मूळव्याधीची पुडी देण्याआधी बोटाने तपासावे आणि दुर्बिणीसाठी चिठ्ठी द्यावी, एवढे जव्हारच्या कुटीर रुग्णालयापासून पाड्यावरच्या आशाताईपर्यंत सगळ्यांना पाठ हवे. रुग्ण तरुण आहे म्हणून सोडू नये. आपल्याकडे पन्नाशीच्या आतले रुग्ण पुष्कळ दिसतात. आणि चिठ्ठीसोबत प्रवासभाडे. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणारा माणूस दोन दिवसांची मजुरी बुडवून दुर्बिणीला जाईल, अशी अपेक्षा मोखाड्यात न राहिलेला माणूसच करू शकतो. महात्मा फुले योजनेने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण दिले आहे. कसाऱ्यापर्यंतच्या जीपचे पैसे त्याला घरातूनच काढावे लागतात.

आमचे शिपाई सध्या केमो आणि बेव्हॅसिझुमॅब घेत आहेत. दर पंधरा दिवसांनी खोडाळ्यावरून कसारा, तिथून लोकल. त्या रात्री मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. गळ्यात औषधाची छोटी बाटली अडकवलेली असते. तिच्यातून दोन दिवस थेंब-थेंब औषध जात राहते. परवा भेटायला गेलो तर म्हणाले, ‘‘साहेब, शेजारच्या पाड्यावरच्या एका पोराला रक्त जातंय. पुड्या घेतोय. पाटीवाल्याकडं चाललाय.’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलंत?’’

‘‘सांगितलं, उद्या माझ्याबरोबर चल. मी कसाऱ्याला जातोच आहे.’’