थंड पाण्यात उडी नको

मे महिन्यात कुलूकडे हाइकला गेलो की बियासच्या काठी कुणीतरी म्हणतेच, "दम असेल तर मार उडी!" खाली मैदानात ऊन चाळीस अंशांचे असले, तरी ही नदी बर्फ वितळून येते. माझे मत सरळ आहे. ही पैज बंद करावी, पण थंड पाण्यात पोहणे बंद करू नये. ते आपल्याला शिकवावे.

थंड पाणी अंगाला लागताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. कितीही धाडसी असला तरी तो त्याला रोखता येत नाही. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर छातीत पाणीच जाते. पुढचे मिनिट-दोन मिनिटे धाप लागते, हृदय जोरात धडधडते. म्हणून चांगले पोहणारेही बुडतात. शाळेच्या कोमट तलावातल्या चाचणीत हे कळत नाही.

सुरुवात वाहत्या नदीत नकोच. संथ, उथळ उताराचा तलाव हवा, काठावर दोर घेतलेले उस्ताद हवेत, आणि आधी एमआय रूममध्ये तपासणी. पाय, मग कंबर, मग मानेवर-तोंडावर हाताने पाणी, आणि श्वास लांब सोडत राहायचे. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले की मगच पोहायचे, तेही काठाला धरून दोन-तीन मिनिटे. असे पाच-सहा वेळा उतरल्यावर धक्का बराच कमी होतो. चुकून पडलोच तर आधी हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर तरंगायचे. श्वास शांत झाला की काठाकडे.

कुणी म्हणेल, सैनिकाला एवढी नाजूक तयारी कशाला? इंग्लिश खाडी पोहण्याआधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सहा तास पोहून दाखवावे लागते. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये सात सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, त्यात ही खाडी आहे. त्यांना नाजूक कोण म्हणेल?

बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ आणखी थंड होत जाते. लगेच गरम पाण्याची अंघोळ केली तर चक्कर येऊ शकते. ओले कपडे काढून कोरडे घालायचे, टोपी चढवायची, गरम चहा प्यायचा. तेव्हा आई-बाबा, सुट्टीनंतर ट्रंकेत लाडवांच्या डब्याशेजारी एक लोकरी टोपीही ठेवा.