घर बदललं, पत्ता तोच



या वेळी ऑफिसातलं नाही, घरचं काम सांगतो.

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उपवासाची पिठं आणि दिवाळीत फराळ असा तिचा घरगुती व्यवसाय आहे. ११ वर्षांपूर्वी आतोबांनी हौसेनं त्याची वेबसाइट करून घेतली. इंदूरहून पुण्याला, बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेली आपली मुलं-मुली तिथून ऑर्डर देतात. ऑर्डरींचं सगळं आतोबाच बघायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून आत्याच बघते.

साइट एका भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर होती. दरमहा भाडं, वर प्रत्येक ऑर्डरमागे कमिशन. भाडं वाढल्याची मेल आली तशी आत्यानं मला बोलावलं. "अरे, तू इंजिनिअर ना? मग आपली साइट आपल्या घरात नाही का नेता येणार?"

नेता येते. मी वर्डप्रेस आणि वूकॉमर्स सुचवलं. दोन्ही मोफत आहेत, फक्त सर्व्हरच्या जागेचे पैसे लागतात. तिला एक गोष्ट मात्र आधीच सांगितली. भाड्याच्या घरात नळ गळला तर मालक बघतो, स्वतःच्या घरात आपण. अपडेट, बॅकअप, सुरक्षा हे सगळं यापुढे आपल्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

मी म्हटलं, "पितृपक्षात ऑर्डरी कमी असतात, तेव्हाच उरकून टाकू." आत्या म्हणाली, "पितृपक्षात नवीन काही नाही. आणि पुढे दिवाळी. दिवाळी होऊ दे." मी मनात हसलो. पण हिशेब केला तेव्हा माहीत पडलं (हो, आम्ही इंदूरवाले असंच म्हणतो!) की तिचंच बरोबर होतं. साइट हलवली की गूगलला सगळी पानं पुन्हा तपासायला काही आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्या काळात शोधातली जागा वरखाली होते. हे ऐन फराळाच्या हंगामात झालं असतं तर वर्षाची कमाई अडकली असती. म्हणून मार्गशीर्षात काम हाती घेतलं.

पहिला प्रश्न पत्त्याचा. साइट जिथे राहते ते घर म्हणजे होस्टिंग, आणि लोक जो टाइप करतात तो पत्ता म्हणजे डोमेन. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. घर बदललं तरी पत्ता तोच ठेवता येतो, पण तो आपल्या नावावर असला तरच. आत्याचं डोमेन निघालं ११ वर्षांपूर्वी साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर, त्याच्या जुन्या ईमेलवर. मुलगा सज्जन. फोन केल्यावर त्यानं डोमेन अनलॉक करून ट्रान्सफरचा कोड पाठवला आणि काम झालं. तो परदेशी गेला असता, नंबर बदलला असता, तर? ११ वर्षं जपलेलं नाव दुसऱ्याच्या खात्यात मुदत संपून गेलं असतं.

दुसरं काम सामान बांधायचं. जुन्या प्लॅटफॉर्मवरून मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये मिळाली. ६८ पदार्थ. मी ती सवयीनं डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि आत्याच्या मराठीचं पार कडबोळं झालेलं दिसलं. फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, पण एक्सेलला ते न सांगता उघडलं तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात. तशीच सेव्ह केली तर ती कायमची. वर आणखी एक गंमत. आत्याचा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक १४ आकडी आहे. एक्सेलनं त्याला मोठी संख्या समजून आखडून टाकला, आणि सीएसव्ही सेव्ह करताना तो आखडलेलाच उतरतो. उपाय सोपा आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत घ्यायची. ती एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करायची, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं आणि असे क्रमांक 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचे.

फोटोंचीही तीच तऱ्हा. यादीत फोटो नव्हते, फक्त त्यांच्या लिंक होत्या, आणि त्या जुन्या सर्व्हरच्या. जुनं खातं बंद केलं की फोटोही गेले. त्यामुळे सगळे आधी उतरवून घेतले.

नवी साइट आधी एका तात्पुरत्या पत्त्यावर उभी केली. ६८ पदार्थ, ६८ फोटो, किमती, वजनं सगळं जुळलं. मी मोठ्या ऐटीत लॅपटॉप आत्यापुढे ठेवला. "बघ, सगळं आलं."

तिनं भाजणीचं पान उघडलं. फोटो पाहिला, किंमत पाहिली. मग बोटानं पान वर सरकवत राहिली. पान संपलं तरी तिचं बोट थांबेना.

"इथे खाली ह्यांची उत्तरं असायची ना रे?"

गिऱ्हाइकांचे अभिप्राय! प्रत्येक पदार्थाखाली ते होते आणि जवळपास प्रत्येकाला आतोबांनी उत्तर दिलेलं होतं. कुणी लिहिलेलं, "थालीपीठ तव्याला चिकटतं." खाली आतोबा: "पीठ कोमट पाण्यात भिजवा, मधोमध भोक पाडायला विसरू नका, त्यात तेल सोडा." कुणी लिहिलेलं, "हॉस्टेलवर मेतकूट दोन दिवसांत संपलं." खाली: "पुढच्या वेळी मित्रांना सांगू नका." प्लॅटफॉर्मच्या यादीत 'माल', 'ऑर्डर', 'ग्राहक' एवढेच रकाने होते. अभिप्राय नव्हते, आणि मीही ते मोजले नव्हते.

आत्या रागावली नाही. "राहू दे, नसतील येत तर," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं.

खरं म्हणजे मी तिला जुनं खातं त्याच महिनाअखेरीस बंद करायला सांगितलं होतं. दोन्हीकडे पैसे कशाला? पण तिनं मला न विचारता आणखी एक महिन्याचं भाडं भरून टाकलं होतं. "घर सोडताना एक महिना हातचा ठेवावा. काहीतरी राहतंच." त्या एका महिन्यानं वाचवलं. जुनी पानं अजून उघडत होती. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आत्येभाऊ शेजारी बसला, आणि दोन रविवारांत सगळे अभिप्राय तारखांसकट उतरवले. वूकॉमर्समध्ये अभिप्राय वर्डप्रेसच्या कॉमेंट म्हणूनच साठतात, त्यामुळे प्रत्येकाखाली आतोबांचं उत्तर नीट बसवता आलं.

आता प्रत्यक्ष गृहप्रवेश. इथे माझी दुसरी चूक झाली. पत्ता नव्या घराकडे वळवायला फक्त एक नोंद बदलली असती तरी चाललं असतं. ही नोंद जगभरच्या यंत्रणा ठरावीक वेळ लक्षात ठेवतात. बऱ्याचदा ती वेळ ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असते. ती एक-दोन दिवस आधी ३०० वर आणून ठेवली की बदल मिनिटांत पोचतो. मी मात्र घाईत नेमसर्व्हरच बदलले. नव्या ठिकाणी साइटची नोंद होती, पण मेलची, म्हणजे एमएक्स नोंद नव्हती. साइट झकास उघडत होती आणि आत्याला येणाऱ्या मेल परत जात होत्या. दीड दिवसानं पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, मेल परत येतेय, सगळं ठीक ना?" नोंद घातली, मेल सुरू झाली. मधल्या वेळेत किती जणांनी फोन न करता नाद सोडला असेल, ते कधीच कळणार नाही.

शेवटचं काम जुन्या लिंकचं. व्हॉट्सअपच्या फॅमिली ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरलेल्या लिंक जुन्या रचनेच्या होत्या. नव्या साइटवर त्याच पदार्थाच्या पानाची लिंक वेगळी. त्यात वर्डप्रेस लिंकमधला मजकूर २०० अक्षरांवर तोडतं, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तिथे ९ जागा खातं. म्हणजे २२ चिन्हांतच नाव संपतं! लांबलचक मराठी नावं त्यामुळे मधेच कापली गेली होती. मग सगळ्या पानांना छोटी नावं दिली आणि प्रत्येक जुन्या लिंकवरून नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट लावला. "आम्ही कायमचे इकडे आलो" अशी ती दारावरची पाटी. गूगल ती किमान वर्षभर ठेवायला सांगतं. मी ती काढणारच नाही. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मात्र आणता आले नाहीत, ते नव्यानं करायला सांगणारी मेल सर्वांना पाठवली.

तुमच्याकडे असं काही निघालं तर माझ्या चुकांवरून एवढं करा:

– डोमेन आधी आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर घ्या.
– हंगामाच्या तोंडावर साइट हलवू नका.
– मूळ फाइल न उघडता जपा, काम प्रतीवर करा.
– मेलच्या नोंदी आधी लिहून ठेवा.
– जुन्या लिंकांची यादी करा आणि एकूण एक वळवा.
– पैसे भरून एक खरी ऑर्डर देऊन बघा. मी मेतकूट मागवलं. आत्यानं पूर्ण पैसे घेतले.
– जुनं खातं महिनाभर तरी चालू ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी, ज्यांची साइट आहे त्यांच्या शेजारी बसा. "यातलं काय गेलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल?" असं विचारा. यादी त्यांच्या तोंडून घ्या, प्लॅटफॉर्मच्या रकान्यांवरून नको.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत काका-मावशींचे असे व्यवसाय आहेत: शिकवणी, केटरिंग, साड्या, पत्रिका. साइट कुणीतरी कधीतरी करून दिलेली असते आणि चालते आहे म्हणून कुणी बघत नाही. आज जेवताना एवढंच विचारा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? उत्तर लगेच आलं नाही, तर रविवारचं काम ठरलं समजा.