शेवटचा एक मिनिट आणि आधीचे 40 दिवस

दरवर्षी बकरी ईद आठ दिवसांवर आली की माझ्या फोनवर एक चित्र येतं. बोकडाच्या डोळ्यात पाणी आणि खाली मुक्या जिवाच्या दयेचा मजकूर. पाठवणारा माझा शाळेतला मित्र आहे. उमरग्यात आम्ही एका बाकावर बसून दहावी काढली. त्याच्या मनात पाप नसतं. ईदच्या दिवशी तो घरी जेवायला येतो आणि रस्सा मागून घेतो.

बरीच वर्षं माझी दोन उत्तरं तयार असायची. एक, तू वर्षभर खातोस तेव्हा हा जीव मुका नसतो का? दोन, कुर्बानीतला वाटा गरिबाच्या घरी जातो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तरी गेल्या काही वर्षांत ती देताना माझीच जीभ अडखळायला लागली, आणि त्याचं कारण या मित्राचंच शेत आहे.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून आत, त्याच्या दोन एकरांच्या कडेला कोंबड्यांचं शेड आहे. पाच हजार पक्षी. मी गेलो तेव्हा लॉट 36 दिवसांचा होता. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. तुसावर साठलेल्या विष्ठेचा तो वास आहे, आणि पक्षी जन्मापासून त्यातच श्वास घेतात. एका पक्ष्याच्या वाट्याला साधारण एक चौरस फूट जागा. खाणं थांबू नये म्हणून रात्रीही दिवे. गावरान कोंबडीला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. हा पक्षी चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातो. हाडं तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. म्हणून बरेच पक्षी बसलेलेच होते, चार पावलं टाकत आणि पुन्हा बसत. मित्र सकाळी मेलेले पक्षी बादलीत गोळा करतो आणि आकडा कार्डावर लिहितो, कारण सुपरवायझर येऊन मोजतो.

मी विचारलं, "अरे, तुझीच कोंबडी आणि हिशोब दुसऱ्याला?"

"माझी कुठली? पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. शेड, लाईट बिल आणि मर माझी. मी फक्त सांभाळतो."

या एका वाक्यात जागतिकीकरण येतं. ज्यांच्या पोटी हा पक्षी जन्मतो त्या मूळ जाती आज जगात मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत. कॉब आणि रॉस ही त्यातली दोन मोठी नावं. आपल्याकडे कॉबचा वंश पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमार्फत 'व्हेनकॉब' म्हणून पोचला. शेतकऱ्याने हा पक्षी ठेवून अंडी उबवली तरी पुढची पिढी तशी निघत नाही, म्हणून दर लॉटला पिल्लं कंपनीकडूनच. मजुरी किलोवर, आणि खाद्य जास्त लागलं तर त्यातून कपात. जनावराची कीव करायला माणसाकडे थोडी सवड लागते. त्या हिशोबात माझ्या मित्राला ती सवडही ठेवलेली नाही, म्हणून त्याच्यावर राग काढण्यात काही अर्थ नाही.

आता हा पक्षी जातो कुठे? रात्री गाडी येते, पायाला धरून चार-चार पक्षी क्रेटमध्ये कोंबले जातात आणि सकाळी त्यातले काही माझ्या मोहल्ल्यातल्या दुकानात असतात. दुकानदार नमाजी माणूस आहे. बिस्मिल्ला म्हणतो, सुरी फिरवतो. मी पिशवी घेऊन घरी येतो आणि समाधानाने म्हणतो, हलाल आहे.

माझं भांडण या समाधानाशी आहे. आपण हलालचा अर्थ शेवटच्या एका मिनिटापुरता करून ठेवला आहे. त्याआधीच्या चाळीस दिवसांत त्या जिवाचं काय झालं, हे ना आपण विचारतो ना आपले इमाम.

मी आलिम नाही. पण जे लहानपणी मक्तबमध्ये शिकवलं ते विसरलेलो नाही. जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी याही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असं कुरआनच्या सूरह अनआममध्ये आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, या हदीस प्रत्येक मुस्लिम मुलाला पाठ असतात. एक उंट पैगंबरांजवळ येऊन रडला, तेव्हा त्याच्या मालकाला बोलावून, याला उपाशी ठेवतोस आणि थकेपर्यंत राबवतोस, असं सुनावल्याची हदीसही आहे. ही उंटाची तक्रार कापण्याबद्दल नव्हती, जगवण्याबद्दल होती. आणि कुरआनात खाण्याची आज्ञा आहे तिथे हलालच्या जोडीला तय्यब हाही शब्द येतो, म्हणजे चांगलं, स्वच्छ. तो दुसरा शब्द आपल्या दुकानांच्या पाट्यांवर मी कधी वाचला नाही.

पाटीवर जे येतं ते व्यापाराला लागतं म्हणून येतं. हलालच्या शिक्क्याचीच गोष्ट घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालावर बंदी घातली, पण निर्यातीच्या मालाला सूट ठेवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने निर्यातीच्या मांसासाठी हलाल प्रमाणपत्राची रीतसर नियमावली काढली होती. भारत म्हशीच्या मांसाच्या जगातल्या सर्वात मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. 2023-24 मध्ये ही निर्यात सुमारे 3.7 अब्ज डॉलरची होती. म्हणजे डॉलर येणार असतील तर हलाल चालतं, गल्लीतल्या दुकानावर दिसलं की धर्म बुडतो. मग मार्च 2025 मध्ये आपल्या राज्यात मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आणलं. एका बाजूला हलालचा शिक्का, दुसऱ्या बाजूला मल्हारचा. सुरी कोणाची, हात कोणाचा, एका घावात की गळ्याच्या शिरांवर, यावर टीव्हीवर तासन्‌तास भांडण. जनावराला चालता येत होतं का, हे दोन्ही शिक्के विचारत नाहीत.

बैलाची गोष्ट तर याहून वाईट आहे, आणि इथे मी दुसऱ्या बाजूलाही बोलणार आहे. 1976 च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्याबंदी होतीच. 2015 मध्ये तिच्यात बैल आणि वळू आले. कापल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. हे झालं बैलाच्या मरणाबद्दल. त्याच्या जगण्याबद्दलचा कायदा 1960 चा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. बैलाला मारझोड केली, ताकदीबाहेर ओझं ओढायला लावलं, जखमी असताना जुंपलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये. उमरग्याच्या बसस्थानकात दोघांचा चहा-भजी त्यात होत नाही. 2022 मध्ये हा दंड वाढवण्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला; तो मसुदाच राहिला.

साखर कारखान्याच्या हंगामात आमच्या भागात या, मग या 50 रुपयांचा अर्थ कळेल. टायरगाडीवर उसाचा डोंगर, चढाला बैलाचे गुडघे टेकतात, शेपूट पिरगाळली जाते, पराणी टोचली जाते. पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपू नये, असा नियम 1965 पासून आहे. मार्चच्या दुपारी रस्त्यावर उभं राहून तो नियम कुणाला वाचून दाखवा. हाकणारा ऊसतोड कामगार उचल घेऊन आलेला असतो, त्याचा पैसा टनावर. गाडीत ऊस कमी भरला तर त्याची उचल फिटत नाही. इथेही ओझं लादणारा हात गरिबाचा आणि फायदा दुसऱ्याचा. गोरक्षणाच्या नावाने रात्री टेम्पो अडवणारी तरुण मंडळी दिवसा याच रस्त्याने जातात. त्या गाडीपुढे कुणी आडवं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि कायद्याने वाचवलेला हा बैल आहे तरी किती? 2012 ते 2019 या दोन पशुगणनांमध्ये देशातला नर गोवंश सुमारे 30 टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर हे मोठं कारण, ते मान्य. पण म्हातारा बैल विकता येणार नसेल तर गोऱ्हा वाढवायचा कशाला, हा हिशोब शेतकरी करतोच. आता तर सरकार स्वतःच अनुदान देऊन अशा वीर्यमात्रा पुरवतं, ज्यातून दहापैकी नऊ वेळा कालवडच जन्माला यावी. तंत्रज्ञान मुळात अमेरिकेचं. बैलाला कापणं हे पाप, पण तो जन्मालाच येऊ नये यासाठी तिजोरी उघडी! दुधाच्या धंद्याला गोऱ्हा नको आहे, एवढं सरळ म्हणा ना. 2025 च्या पावसाळ्यात मारहाण आणि छळाला कंटाळून राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा बाजारात दावं हातात धरून बसलेला शेतकरी बहुतेक हिंदूच होता.

इतपत वाचून माझे मुस्लिम वाचक खूश झाले असतील. थांबा, आपलं घर राहिलं आहे.

आमच्या दादीकडे शेळ्या होत्या. काळ्या, लांब कानांच्या, बहुतेक वेळा जुळी देणाऱ्या. उस्मानाबादी जात. (जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं. शेळी अजून सरकारी नोंदीत उस्मानाबादीच आहे. तिला कुणी विचारलं नसावं.) दुष्काळात टिकणारी, जमीन नसलेल्या बाईचं एटीएम. त्यातलाच एक बोकड दादी ईदसाठी वर्षभर वाढवायची. सुरीला धार लावायची ती घरामागे, त्याच्या नजरेआड, कारण हदीस तशी आहे. आधी पाणी पाजायचं. दुसरं जनावर जवळ उभं करायचं नाही. कुर्बानीनंतर दादी दुपारपर्यंत जेवत नसे. लहानपणी मला वाटायचं तिची तब्येत बरी नाही.

आज ईदचा बाजार जिवंत वजनावर चालतो. किलोला इतके. मग वजनासाठी आदल्या रात्री बोकडाच्या घशात पाणी आणि पीठ ओतलं जातं. पिकअपला लाकडी मजला टाकून दोन थर केलेले असतात, वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. अंगावरच्या डागात चंद्र दिसतो म्हणून एखादा बोकड लाखांत विकला जातो आणि त्याच्याबरोबर फोटो काढले जातात. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी ॲपवर हिस्सा बुक होतो. जनावर कुठलं, कसं आलं, कुणी कापलं, काही पाहायचं नाही. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, हे प्रत्येक ईदच्या बयानात ऐकून आपण घरी येतो आणि वजनावरून शेजाऱ्याशी स्पर्धा करतो.

आपल्या ताटाची साखळी उमरग्यातच संपत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे निघालेल्या 'अवासी एक्स्प्रेस' या जहाजावर उष्म्याने सुमारे 2,400 मेंढ्या मेल्या. जहाजातल्याच एकाने केलेलं चित्रीकरण पुढच्या वर्षी टीव्हीवर आलं तेव्हा ऑस्ट्रेलियन लोक रस्त्यावर उतरले. आता तिथे कायदा झाला आहे: 1 मे 2028 पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद. मेंढ्या मुस्लिम देशांकडे चालल्या होत्या. आवाज मात्र विकणाऱ्यांच्या देशात उठला. आपल्याकडे 2018 च्या जूनअखेर नागपूरहून शारजाला विमानाने शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं होतं, जैन समाजाच्या विरोधामुळे ते रद्द झालं. धनगर मेंढपाळांना चांगला भाव मिळाला असता, त्यांचं नुकसान मला कमी लेखायचं नाही. पण प्रवासात त्या जिवांचं काय होईल, हा प्रश्न आपल्या एकाही जमातीने तेव्हा विचारलेला मला आठवत नाही. मांस शीतपेटीतून जाऊ शकतं. जिवंत जनावरच कशाला हवं?

मला माहीत आहे, यावर काय म्हटलं जाईल. आधीच आपल्यावर झुंडी चालून येतात, त्यात तू त्यांच्या हातात कोलीत देतोस. या भीतीला आधार आहे, रात्री टेम्पो चालवणाऱ्या पोरांच्या आया मी पाहिल्या आहेत. पण झुंडीला जनावराशी घेणंदेणं नाही, त्यामुळे आपण जनावराला चांगलं वागवलं काय किंवा वाईट, झुंड यायची ती येणारच. मग निदान तिच्या भीतीने आपण आपलीच शिकवण का गुंडाळून ठेवायची?

दुसरा आक्षेप गरिबाचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. ब्रॉयलर स्वस्त आहे म्हणून मजुराच्या पोराला आठवड्यातून एकदा मांस मिळतं. ते त्याच्या ताटातून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. माझं मागणं ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्याकडे आहे. कुर्बानी ज्याच्यावर वाजिब आहे तो मुळात ऐपतदारच असतो. त्याने वजनकाटा सोडून गावातल्या शेळीवालीकडून एक धड जनावर घ्यावं, महाग पडलं तरी. शिक्का विकणाऱ्या संस्थांनी शेड आणि गाडीही तपासावी, नाहीतर शिक्क्यावर लिहावं की आम्ही फक्त गळा पाहिला. आणि 50 रुपयांचा दंड बदला, ही मागणी मशिदीतून आणि गोशाळेतून एकाच अर्जावर जाऊ शकते. अर्ज मी लिहायला तयार आहे.

मागच्या ईदला मोहल्ल्यातल्या मौलानांना मी विचारलं, एका जुम्म्याला यावर बोलाल का? ते हसले. म्हणाले, "मियाँ, लोग समझेंगे मौलाना शाकाहारी हो गए." मी म्हटलं, समजू द्या. ते म्हणाले, बघू.

मित्राचं चित्र यंदाही आलं. उत्तरात मी फक्त विचारलं, लॉट कधी निघतोय? त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. मंगळवारी रात्री गाडी येणार आहे. ऊन वाढलंय, मर जास्त आहे, या वेळी हातात काही राहील असं वाटत नाही.