जलविहारास निघण्यापूर्वीं

सुटीच्या दिवसांत मुंबईहून गोव्यास केवळ मौजेखातर जहाजानें जाणारीं कुटुंबें आतां आढळूं लागलीं आहेत. पूर्वीं याच किनाऱ्यानें चाकरमानी आगबोटींतून गांवीं जात. त्यांस पोहोंचण्याची निकड असे. मौजेच्या उतारूस ती घाई नाहीं. जहाज हेंच त्याचें मुक्कामाचें ठिकाण. अशा सफरींत काय अपेक्षावें, असें विचारल्यास बहुतेक जण पक्वान्नें, पोहण्याचा हौद व नाटकगृह यांचींच वर्णनें करतात. आमच्या मतें पहिली अपेक्षा निराळी असावी.

खोली लहान असते. सामान बेताचेंच न्यावें. समुद्र खवळल्यास ज्यांस मळमळतें, त्यांनीं जहाजाच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावरील खोली मागून घ्यावी. तेथें हेलकावे कमी बसतात. या गोष्टी अनुभवानेंही कळतात. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्यासाठीं अनुभवाची वाट पाहूं नये.

संकटसमयीं कोठें जमावयाचें व लाइफ जॅकेट कसें घालावयाचें, हें उतारूंस आरंभींच शिकवितात. सात आंखूड व एक लांब भोंगा, ही त्या संकटाची खूण. पुष्कळ वडीलधारे या वेळीं कुरकुरतात आणि मुलें हंसतात. त्यांनीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या इटालियन जहाजाची हकीकत ऐकावी. ता. १३ जानेवारी २०१२ रोजीं तें जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलें व ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची ही तालीम दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. चोवीस तासांच्या आंत घेतली म्हणजे पुरे, असा तेव्हां नियम होता. पुढें १ जानेवारी २०१५ पासून ती निघण्यापूर्वीं अथवा निघतांक्षणींच घेणें बंधनकारक झालें.

इटलीपर्यंत तरी कशास जावें? ता. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक जीव गेले.

कोणी म्हणेल, मौजेच्या वेळीं मरणाची गोष्ट कशाला? परंतु छत्री घरांतून निघतांनाच घ्यावी लागते. भिजल्यावर तिचा उपयोग काय? पालकांनीं स्वतः स्वस्थ उभें राहून सूचना ऐकाव्या, म्हणजे मुलेंही ऐकतील. विद्यार्थी मित्रहो, आपली जमण्याची जागा पाठ करा, तेथवर एकदां पायीं जाऊन या, आणि मग खुशाल कठड्याशीं उभे राहून सूर्यास्त पाहा.