पारी पातळ, सारण रसाळ

दिल्लीत मोमो कुठे मिळत नाही, हे विचारणं सोपं. मेट्रो स्थानकाबाहेर, कॉलेजच्या फाटकाशी, अगदी लग्नाच्या मांडवातही जाळीदार डब्यांची चळत वाफ सोडत उभी असते. चांगला मोमो हवा असेल तर मात्र यमुनाकाठचं मजनू का टिल्ला गाठावं. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांची ही वसाहत. अरुंद बोळ, वर लटकणाऱ्या पताका, आणि खानावळीत थुक्प्याच्या वाडग्यांसोबत येणारे मोमो.

पारख करावी ती पारीची. मळून अर्धा तास झाकून ठेवलेला मैदा सैलावतो, म्हणून पातळ लाटता येतो. कडा पातळ आणि मध्य जाडसर हवा. नाहीतर चुण्या जमतात तिथे कच्चं पीठ दाताखाली येतं आणि बूड फाटून रस सांडतो. उकडीच्या मोदकांना सरावलेल्या हातांना हे जमेल. फरक एवढाच, की मैदा ताणला जातो, तांदळाची उकड चिरते. सारणात कांदा सढळ, मांस थोडं चरबीचं. कोबी घालणार असाल तर मीठ लावून घट्ट पिळा. दहा-बारा मिनिटं वाफ पुरे.

लाल चटणीचं काय? तिच्यात बुडवल्यावर सगळेच मोमो सारखे लागतात, आणि हे विक्रेत्यांनाही ठाऊक असावं. मेयोनीजबद्दल न बोललेलंच बरं.

तेव्हा वाचकहो, पहिला मोमो चटणीशिवाय खा. तो आवडला, तरच दुसरी प्लेट मागवा.