मागे कोण बघणार, ते आधी विचारा

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणात अडते आणि याच डोंगररांगेतली वैतरणा पलीकडच्या अप्पर वैतरणा धरणात. त्र्यंबककरांच्या दोन्ही अंगांना असं मोठं पाणी आहे. घरी पाहुणे आले की दर्शन उरकून गाडी गंगापूर धरणाच्या बोट क्लबकडे वळते. सिंहस्थ तोंडावर आला आहे, म्हणजे ही वर्दळ वाढणारच. तरुण पोरं मोबाइलवर वॉटर स्कीइंगचे व्हिडिओ बघतात आणि कुठे मोटारबोट दिसली की मागे दोर बांधायची त्यांना घाई होते. खेळ फार सुंदर आहे, जरूर शिका. पण बोटीत चालकाखेरीज आणखी एक माणूस नसेल, तर दोराला हात लावू नका.

चालकाची नजर पुढे असते, असायलाच हवी. मागे स्कीवाला पडला, दोर पायात गुंतला, त्याने हात हलवला, हे चालकाला सांगणार कोण? त्यासाठी तोंड मागे करून बसणारा माणूस लागतो. स्पर्धेच्या बोटीतसुद्धा चालकाजवळ पंच बसलेला असतो, आणि तिथले चालक काय कच्चे असतात? स्लालम प्रकारात पुरुषांची बोट ताशी 58 किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत धावते. स्कीवाला तिच्या दोन्ही बाजूंच्या सहा बॉयांना, म्हणजे तरंगत्या खुणांना, वळसे घालतो. प्रत्येक बॉय मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर. दोर 18.25 मीटरपासून टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात. तो 11.25 मीटरवर आला की बॉयपर्यंत पुरतच नाही. उरलेलं अंतर अंग झोकून, हात लांबवून कापायचं. यात कसब खेळाडूचं, पण बोट हलली तर ते सगळं फुकट.

म्हणून आधी बोट बघा. स्कीच्या खास बोटीत दोर मधल्या भक्कम खांबाला बांधतात. स्कीवाला बाजूला झुकला की दोर आडवा ओढला जातो. तो मागच्या एका कोपऱ्याला बांधला असेल तर बोटीचं बूड वळतं. खुर्चीच्या नळीला किंवा कठड्याला बांधणारा बोटवाला दिसला तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारबोटींचं इंजिन मागे टांगलेलं असतं आणि पंखा तिथेच फिरतो. पडलेल्याला वर घेताना इंजिन बंदच हवं, नुसतं न्यूट्रल चालत नाही. दोर पाण्यावर तरंगणारा घ्या. ट्रकवर बांधायचा नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर मित्राला ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीवर चढलं तर ते सैल आहे, बदलून घ्या. पोहता येतं म्हणून ते नाकारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना काठावर बसवावं.

उठताना गुडघे छातीशी, हात ताठ, आणि बोटीला ओढू द्यायचं. नवखे घाईने हात आखडतात आणि तोंडावर आपटतात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. पडल्यावर ठीक असाल तर दोन्ही हात डोक्यावर जुळवून दाखवा. ही खूण दिसली नाही तर मागे बघणाऱ्याने तुम्हाला लागलंय असंच धरायचं.

धरणाचं पाणी तळ्यासारखं स्थिर नसतं. श्रावणात भरलेलं धरण वैशाखात खाली जातं आणि बुडालेले खडक, झाडांचे बुंधे वरच्या थराजवळ येतात. त्यात मासेमारांची जाळी. तिथल्या कोळीबांधवांना विचारल्याशिवाय नवी वाट धरू नका. आभाळ भरून आलं, वारा सुटला की बोट काठाला. 21 मे 2024 ला उजनी धरणात कळाशी-कुगावदरम्यानची बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहाजण गेले. तिथे कोणी खेळत नव्हतं. रोजचा प्रवास चालला होता.

पैसे देण्याआधी बोटवाल्याला एवढंच विचारा, "दादा, मागे कोण बघणार?" तो "आरसा आहे ना" म्हणाला, तर पाहुण्यांना घेऊन साध्या बोटीत बसा, तीही जॅकेट घालून.