सांडव्याच्या खाली काय चालले आहे?

माती नाला बांधाची पाहणी म्हटली की आपण सगळे माथ्यावर चढतो आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहतो. साठा किती टीसीएम, गाळ किती, पिचिंगचे दगड जागेवर आहेत का, एवढे पाहिले की अहवाल पुरा. यंदा पाठ फिरवा आणि सांडव्यातून पुच्छ कालव्याने थेट मूळ नाल्यापर्यंत चालत जा.

गाळ मागे ठेवून सांडव्यावरून पडणारे पाणी नितळ असते, आणि नितळ पाणी तळ जास्त खरवडते. आपल्या दख्खनी पठारावर पुच्छ कालवा बहुधा मऊ मुरमातूनच काढलेला. तो नाल्याला मिळतो तिथे दीड-दोन मीटरची उडी राहिली, की पाण्याच्या माराने खालून मुरूम पोखरतो, वरची कड ढासळते आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी वर सरकते. ती सांडव्याच्या तळाशी पोचली, तर बांध फुटायला महापुराची गरज उरत नाही. सांडव्याची रुंदी आपण पूरविसर्गाचे गणित मांडून ठरवतो. या उतरणीला मात्र अंदाजपत्रकात ‘स्थळपरत्वे’ एवढा एकच शब्द!

पाणीपुरवठ्याशी याचा संबंध काय? थेट आहे. गावाची विहीर बहुतेकदा बांधाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी असते. नाल्याचा तळ मीटरभर खचला, तर भोवतालच्या मुरमातले पाणीही त्या पातळीकडे उतरते आणि विहिरीऐवजी नाल्यातून निघून जाते. दिवाळीनंतरही नाला वाहतोय म्हणून गाव खूश, आणि फेब्रुवारीत टँकरची मागणी. बांधाने पाणी अडवले; ते जमिनीत टिकवण्यासाठी तळ धरून ठेवायचा राहिला.

म्हणून गाळाने भरलेला प्रत्येक बांध निकामी, हे मला पटत नाही. माथ्याकडच्या घळीतला बांध भरतो तेव्हा तळ उचलला जातो, काठ ढासळायचे थांबतात. त्याचे ते कामच होते. तिथला गाळ काढणे म्हणजे घळ पुन्हा मोकळी करणे. विहिरीला आधार देणाऱ्या खालच्या बांधातला गाळ जरूर काढावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मुळे 2017 पासून त्याला चालनाही मिळाली. पण पोकलेन बांधाच्या पायथ्याला भिडवू नये. तिथला चिकण थर खरवडून मुरूम उघडा पडला, तर पाणी पायाखालून वाट काढते. 1972 च्या दुष्काळी कामांवरच्या बांधांत ही काळजी दुप्पट हवी. पायाचा चर किती खोल नेला होता, हे सांगणारा कागद अनेकदा हाती लागत नाही.

पुच्छ कालव्याची कड वेळीच अडवली तर खर्च फार नाही. दगडी पायऱ्या किंवा गॅबियन, आणि खाली मार झेलायला मोठ्या दगडांचा थर. गॅबियनमागे वाळू-खडीचा गाळणथर मात्र विसरू नका, नाहीतर मुरूम जाळीतून निसटतो आणि पुढच्या वर्षी गॅबियन कलंडलेले सापडते. पावसाळ्याआधी पुच्छ कालव्याच्या दोन्ही टोकांची पातळी डंपी लेव्हलने घ्या, कडेपासून सांडव्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. पाऊस संपल्यावर दोन्ही पुन्हा. देखभालीच्या मागणीपत्रात हा फरक आकड्यात लिहिला, की ते बाजूला सारणे वरच्या टेबलाला जड जाते.